कानातली शिट्टी, ८९० रुपयांची बाटली आणि आमच्या पेपरातली जाहिरात

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण एमआयडीसीत काम करणारं कुणी तुमच्या घरात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

रात्री बारानंतर नागापूर शांत होतं. दुसऱ्या पाळीच्या मोटारसायकली घरी पोहोचलेल्या असतात, मनमाड रोडवरचे ट्रक तेवढे अधूनमधून जातात. मला मात्र ती शांतता गेली अडीच वर्षं ऐकू आलेली नाही. चार घरं पलीकडं कुणाच्या तरी कुकरची शिट्टी लागलीय आणि गॅस बंदच करत नाहीयेत, असा आवाज दोन्ही कानांत सतत चालू असतो. डाव्यात जरा जास्त.

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. आयुर्वेदात कर्णनाद म्हणतात, सुश्रुतसंहितेत कानाच्या २८ रोगांत त्याची नोंद आहे. आपल्याकडं साधं म्हणतात, ‘कान वाजतात’. म्हणजे दुखणं जुनंच आहे. नवीन आहे ती त्यावरची बाटली.

माझं कसं झालं ते आधी सांगतो. पंधरा-सोळा वर्षं मिरवणुका कव्हर करतोय. गणपती, जयंत्या, निवडणुकीचे विजयी जल्लोष. फोटो चांगला यावा म्हणून डीजेच्या भिंतीसमोर उभं राहायचं, रात्री घरी आल्यावर कान सुन्न, सकाळपर्यंत ठीक. असं चालायचं. अडीच वर्षांपूर्वीच्या विसर्जनानंतर मात्र सकाळी ठीक झालं नाही. आठवडा गेला, महिना गेला. शिट्टी चालूच.

डॉक्टरांकडं गेलो. तपासलं, कान साफ आहेत म्हणाले, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “याला इलाज नाही, सवय करून घ्या.” दोन मिनिटांत बाहेर. डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण ज्या माणसाला तीन आठवडे झोप नाही, त्याला ‘सवय करून घ्या’ एवढंच सांगून बाहेर काढलं तर तो पुढं कुठं जाणार? मोबाईलकडं जाणार. मीही गेलो.

मोबाईलवर अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल सापडल्या. अल्फा लिपोइक अ‍ॅसिड, जिन्को, झिंक, व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, सगळं एकत्र. तीस कॅप्सूल, ८९० रुपये. तीन महिने घेतल्या, २६७० रुपये गेले.

बातमीदाराची खोड म्हणून रोज रात्री वहीत आकडा लिहायचो, शून्य ते दहा. पहिल्या दोन आठवड्यांत सातावरून पाचावर आलो. बायकोला म्हणलं, “लागू पडतंय बरं का.” सहाव्या आठवड्यात परत सात. मग मेहुण्याच्या लग्नाला श्रीरामपूरला गेलो, बाटली घरीच राहिली. नऊ दिवस एकही कॅप्सूल नाही, आणि वहीत आकडा चार! लग्नाच्या गडबडीत कानाकडं लक्ष द्यायला वेळच नव्हता, दुसरं काही नाही. घरी आलो, बाटली सुरू केली, सात.

आता एका माणसाची वही म्हणजे पुरावा नाही, हे मलाही कळतं. म्हणून मग नीट वाचायला बसलो.

बाटलीमागचा विचार अगदीच खुळचट नाही. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात. प्रचंड आवाजानं तिथं फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि त्या पेशी मारतात. अँटिऑक्सिडंट हे फ्री रॅडिकल्स शोषतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत, आवाजाच्या आधी किंवा लगेच नंतर दिल्यावर, काही ठिकाणी पेशी वाचल्याचं दिसलंय. इथपर्यंत ठीक.

पण माणसाच्या कानातली मेलेली पेशी परत उगवत नाही. आणि आवाज नुसता कानात नसतो. रेडिओचं स्टेशन नीट लागेना की आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि खरखरच मोठी ऐकू येते. कानाकडून संदेश कमी यायला लागले की मेंदू तसंच काहीतरी करतो, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. वर्षानुवर्षं जुनी खरखर कॅप्सूलनं कशी जाणार?

माणसांवर काय दिसलं तेही सांगतो, दोन्ही बाजू सांगतो. २०१९ साली ग्रीसमध्ये ७० रुग्णांवर तीन महिने अभ्यास झाला. अल्फा लिपोइक अ‍ॅसिड आणि मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांना आराम पडल्याचं त्यात दिसलं. बाटलीवाले हाच अभ्यास दाखवतात. गंमत म्हणजे रक्तात अँटिऑक्सिडंटची ताकद मोजली, तर खऱ्या कॅप्सूलवाल्यांत आणि खोट्या कॅप्सूलवाल्यांत लक्षणीय फरक नव्हता. २०१६ साली ब्राझीलमध्ये ५८ ज्येष्ठांवर जिन्को, अल्फा लिपोइक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी-ई असे वेगवेगळे गट करून सहा महिने पाहिलं, फायदा नाही. २००१ साली ब्रिटनमध्ये जिन्कोची तब्बल ११२१ जणांवर परीक्षा झाली. खोट्या गोळीइतकाच गुण. ५३ देशांतल्या १७८८ रुग्णांच्या एका पाहणीत, ज्यांनी अशी पूरकं घेतली होती त्यांतल्या ७०.७ टक्के लोकांनी काही फरक नाही म्हणून सांगितलं, १९ टक्के बरं वाटलं म्हणाले, आणि १०.३ टक्के लोकांचा आवाज उलट वाढला. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच आपल्या डॉक्टरांना लिहून दिलंय की टिनिटससाठी जिन्को, मेलाटोनिन, झिंक किंवा इतर पूरकं सुचवू नका.

“जाऊ द्या हो, गुण नाही तर नाही, अपाय तर नाही ना?” असं लगेच कुणीतरी म्हणणार. आहे अपाय. जिन्को रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आपल्याकडं पन्नाशीनंतर किती जणांना अ‍ॅस्पिरिन चालू असते, मोजा. अल्फा लिपोइक अ‍ॅसिडनं साखर खाली येऊ शकते, म्हणजे शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यानं जपायला हवं. झिंक जास्त दिवस जास्त घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं. आणि ‘व्हिटॅमिन कधी वाईट नसतं’ म्हणणाऱ्यांसाठी : फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला, त्याचा निकाल १९९४ साली आला. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. तेही अँटिऑक्सिडंटच.

आवळा खा, शेवगा खा, पालेभाजी-बाजरीची भाकरी खा. जेवण म्हणून खा. औषध म्हणून बाटली घेऊ नका.

आता मूळ मुद्दा, आणि ही पोस्ट लिहायचं खरं कारण.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या गल्लीतले एक मामा भेटले. एमआयडीसीत प्रेस शॉपला बावीस वर्षं ऑपरेटर. घरात टीव्ही इतका मोठा लावतात की रस्त्यावर ऐकू येतो. खिशातून बाटली काढून दाखवली, तसलीच. म्हणाले, “तिसरी बाटली आहे भाऊ. तुमच्याच पेपरात जाहिरात बघून घेतली. म्हणलं, पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार.”

ती जाहिरात मी आणली होती. दिवाळी अंकासाठी, पाव पान. कमिशनही घेतलं. ‘बहिरेपणा व कानातील आवाज मुळापासून बंद’ असा मजकूर होता, तो मीच डीटीपीला दिला. त्याच वेळी ती बाटली माझ्या कपाटात अर्धी पडून होती आणि गुण नाही हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

मामांना काय सांगू? तोंड नव्हतं.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर पाहिलं, आधी पाहायला हवं होतं. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा आहे. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत बहिरेपणा आहे. शिवाय २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा बाटल्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. माझ्या बाटलीवरही होतं, पाठीमागं, मुंगीच्या अक्षरात. पुढं कानाचं मोठं चित्र.

पण बाटलीवाल्याला शिव्या घालून मी मोकळा होणार नाही, कारण मामांचे कान बाटलीनं खराब केलेले नाहीत. ते प्रेसच्या आवाजानं झालेत. आपल्याकडं आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. ९५ झाला तर चार तास, १०० झाला तर दोनच तास. मामांना विचारलं, “तुमच्या खात्यात आवाज कधी मोजला का?” म्हणाले, “ऑडिट असलं की इअर प्लग वाटतात. ऑडिट संपलं की कापूस.” कानाची तपासणी? बावीस वर्षांत एकदाही नाही.

आवाजामुळं येणारा बहिरेपणा हा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतला, म्हणजे सरकारला कळवायलाच हवा असा रोग होता. नव्या २०२० च्या संहितेच्या यादीतही तो आहे. ईएसआयमध्ये त्याला भरपाई आहे. तरी देशात पहिल्या कामगाराला ती भरपाई मिळायला १९९६ साल उजाडलं, आणि तो कामगार मुंबईचा होता, म्हणजे आपल्याच राज्यातला. कागदावर हक्क आला आणि हातात पैसे आले, यांत कित्येक वर्षं गेली.

आता हिशेब बघा. मामांनी तीन बाटल्यांना २६७० रुपये घातले. बरे इअर मफ त्यापेक्षा कमी पैशात येतात, आणि ते मामांनी नाही, कंपनीनं आणायचे असतात. ज्याच्या मशीननं कान गेले त्याचा एक रुपया खर्च होत नाही, आणि ज्याचे कान गेले तो दर महिन्याला ८९० रुपये भरतोय. बाटलीचा सगळ्यात मोठा अपाय मला हा वाटतो. दुखणं कामगाराच्या खासगी खर्चात जमा होतं, कारखान्याच्या रजिस्टरवर येतच नाही.

ज्यांचे कान वाजतात त्यांच्यासाठी, मी जे करतोय ते सांगतो. आधी ऑडिओमेट्री करून घ्या. माझ्या रिपोर्टमध्ये ४००० हर्ट्झजवळ खड्डा निघाला, आवाजानं कान गेल्याची ती नेहमीची खूण. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा उपयोग होतो, बाहेरचं नीट ऐकू आलं की आतली शिट्टी मागं पडते. रात्री पूर्ण शांततेत झोपू नका, पंखा किंवा बारीक रेडिओ चालू ठेवा. झोप उडाली असेल, चिडचिड होत असेल तर समुपदेशन घ्या, विचारांची सवय बदलणाऱ्या उपचाराचा त्रास कमी करायला फायदा होतो हे अभ्यासांत दिसलंय. शिट्टी जात नाही, पण तिचा जाच कमी होतो. माझ्या वहीत सध्या तीन-चार आहे. आणि हे लक्षात ठेवा : एकाच कानात आवाज येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक येत असेल, किंवा एकाएकी ऐकू येईनासं झालं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मामांना मी इतकंच म्हणलं, “मामा, चौथी बाटली घेऊ नका. माझ्याबरोबर तपासणीला चला.” येत्या सोमवारी जातोय. रिपोर्ट आला की ईएसआयचं काय होतं ते इथंच लिहीन.

मालकांनाही सांगितलं की अशी जाहिरात मी यापुढं आणणार नाही. ते म्हणाले, “तू नाही आणली तर दुसरा आणील.” आणील. छोट्या पेपरचं पोट जाहिरातीवर चालतं हे मला त्यांच्याइतकंच माहीत आहे. पण गल्लीत मामा रोज भेटतात, मालक महिन्यातून एकदा.

एमआयडीसीतल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यांना आणि आपल्या लोकप्रतिनिधींना एकच विनंती. कान तपासणीची शिबिरं वाढदिवसाला घेता तशी कारखान्याच्या गेटवर घ्या, आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडं लेखी मागा : प्रत्येक प्रेस शॉपमध्ये आवाज मोजा, आकडा भिंतीवर लावा, कामगाराची दरवर्षी तपासणी करा, कंत्राटी असला तरी.

आणि गणेश मंडळातल्या पोरांनो, तुमच्यावर राग नाही. मीही तुमच्यासमोर नाचलोय. फक्त पुढच्या वर्षी भिंतीच्या पुढं लहान लेकरू खांद्यावर घेऊन कुणी उभं असेल, तर त्याला मागं घ्या. त्या लेकराच्या कानातल्या पेशीही परत उगवत नाहीत.

तुमच्या खात्यात आवाज कधी मोजला होता? कानाची तपासणी झाली होती का? कंपनीचं नाव नको, फक्त काम आणि किती वर्षं ते कमेंटमध्ये लिहा. जमलेली माहिती मी अर्जाला जोडणार आहे.