यंत्रबुद्धि आणि दरडोई भाडें

सोलापुरांतील अनेक घरांचीं मुलें आज पुण्यास हिंजवडीकडे संगणकाच्या नोकरींत आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या माजघरापर्यंत येऊन पोंचला आहे. व्यापारी पेढ्या ज्या सॉफ्टवेअरवर हिशेब राखतात, तें पुष्कळदां दरडोई भाड्यानें मिळतें: जितके वापरणारे कारकून, तितकें भाडें. तें रचणाऱ्या कंपन्याही बहुतेक माणसांचे तास मोजूनच मोबदला घेत आल्या. आतां कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें दहांचें काम दोघे करूं लागले, तर डोकीं कोणाचीं मोजावयाचीं?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें जुलै २०२५ मध्यें सुमारें १२,००० जागा कमी करण्याचें जाहीर केलें. त्यांत मधल्या व वरच्या पायरीचे लोक अधिक. कारण यंत्रबुद्धि नसून कौशल्याचा मेळ न बसणें हें आहे, असें तिच्या प्रमुखांनीं सांगितलें. ज्याची जागा गेली, त्यास या भेदानें काय समाधान?

सोलापुरानें हातमागाच्या जागीं यंत्रमाग येतांना पाहिला आहे. माग बदलला, तरी सूत आणि गिऱ्हाईक पारखणारी दृष्टि लागतेच. यास्तव मुलांनीं आज्ञा लिहिण्याबरोबर ज्या धंद्यासाठीं त्या लिहावयाच्या, त्याचें मर्मही शिकावें. आणि पालकांनीं पहिल्या पगाराच्या भरंवशावर वीस वर्षांचें गृहकर्ज काढण्याची घाई करूं नये.