पुडी आठवड्याची, घेतली रोज

आमच्या चाळीतील एक मावशी गेल्या पावसाळ्यात औषधांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. "भाऊ, तुम्ही कारकून माणूस, कागद नीट वाचता. एवढं बघून द्या." रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठावे लागे, तहान भागत नसे, पोट साफ होत नसे. मूत्राशय कमजोर झाले, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. म्हणून मेडिकलमधून जीवनसत्त्वे व खनिजांची एक बाटलीही आणली होती, डॉक्टरांना न विचारता.

आम्ही पिशवी सतरंजीवर रिकामी केली आणि सवयीप्रमाणे बेरीज मांडली. हाडे दुखतात म्हणून डॉक्टरांनी 'ड' जीवनसत्त्वाच्या 60,000 युनिटच्या पुड्या दिल्या होत्या, आठवड्यातून एक. चिठ्ठी इंग्रजीत. मावशींनी 21 दिवस रोज एक पुडी दुधातून घेतली. झाले 12 लाख 60 हजार युनिट! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढाची रोजची गरज 600 युनिट धरली आहे. म्हणजे पावणेसहा वर्षांचा शिधा तीन आठवड्यांत संपला. शिवाय नव्या बाटलीतही 'ड' आणि कॅल्शियम होतेच.

आम्ही त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेले. रक्तात कॅल्शियम फार वाढलेले निघाले. तीन दिवस सलाइन लागले. 'ड' जास्त झाले की आतडी अन्नातले कॅल्शियम जास्त ओढून घेतात, मूत्रपिंड ते पाण्याबरोबर बाहेर टाकते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. मुतखड्याचीही भीती. बिचारे मूत्राशय बिनदोष होते!

तेव्हापासून आम्ही बाटल्यांची लेबले वाचू लागलो. 'क' जीवनसत्त्वाची चघळायची गोळी मुले चॉकलेटसारखी खातात. ती बहुधा 500 मिलिग्रॅमची असते. बाईची रोजची गरज 65, पुरुषाची 80. तेवढे एका पेरूत मिळते. दिवसाला 2,000 च्या वर प्रौढानेही जाऊ नये. जादा 'क'चा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो आणि त्याचे खडे बनतात. ज्यांना आधीच वरचेवर लघवी लागते, त्यांच्यापैकी काहींची जळजळ या आंबट गोळ्यांनी वाढते. 'ब' गटाच्या गोळीने लघवी पिवळीजर्द होते, त्याला मात्र घाबरू नये.

एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. लघवीच्या जंतुसंसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन दिले असेल आणि त्याच घोटाबरोबर कॅल्शियम, लोह वा जस्ताची गोळी घेतली, तर दोन्ही पोटात एकमेकांना चिकटतात आणि औषध रक्तात पुरेसे उतरत नाही. औषध आधी घ्यावे, खनिजाची गोळी निदान दोन तासांनी. खनिज आधी घेतले असेल तर सहा तास थांबावे. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यावे, लोह त्याच वेळी नको, आणि लोहावर चहा तर नकोच.

जंतुसंसर्ग जीवनसत्त्वाने बरा होत नाही. लघवीत रक्त, ताप, कंबरेत कळ असेल तर बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मूत्रपिंडाचा विकार, मुतखडा, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा गर्भारपण असेल तर साधी वाटणारी गोळीही विचारूनच घ्यावी.

आणि आमच्या किती भगिनी कामावर, बाजारात, बसच्या प्रवासात पाणीच पीत नाहीत! कारण जायला जागा नाही. मुंबईत 2011 साली महिला कार्यकर्त्यांनी 'राइट टू पी' चळवळ उभारली, ती यासाठीच. तासन्‌तास लघवी दाबून ठेवणाऱ्या बाईला दुकानदार दोनशे-चारशे रुपयांची बाटली विकतो. आम्हाला याचा संताप येतो. अशा बाटलीवर 'औषधी वापरासाठी नाही' असे बारीक इंग्रजीत छापलेलेही असते!

मावशी आता बऱ्या आहेत. नवे औषध आले की आधी आमच्याकडे आणतात; केमिस्टला विचारून आम्ही त्यावर बॉलपेनने मराठीत वेळ लिहून देतो. त्यांचे पाहून चाळीतले आणखी तिघे आपल्या पिशव्या ठेवून गेले आहेत. एकीत वेगवेगळ्या नावांच्या दोन बाटल्या निघाल्या, आतला माल मात्र एकच.