किल्ली खरी, पण कोणाची?

शहागंजच्या मनोऱ्यावरचे घड्याळ चुकले, तर त्यावरून वेळ लावणारा प्रत्येकजण चुकणार. ई-मेलच्या सार्वजनिक किल्लीचेही तसेच आहे. तिने बंद केलेले पत्र जोडीची खासगी किल्लीच उघडते. परंतु ती किल्ली खरोखर त्याच व्यक्तीची, ही ग्वाही कोणी द्यावयाची? २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने हे काम परवानाधारक प्रमाणन संस्थांकडे सोपविले. तथापि जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अशाच संस्थेकडून गूगलच्या संकेतस्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि तिची स्वतःची अधिकारपत्रेच रद्द करावी लागली. तेव्हा, महत्त्वाच्या पत्रापूर्वी किल्लीचे ओळख-अंक ओळखीच्या आवाजाकडून दूरध्वनीवर पडताळून घ्यावेत. सरकारी शिक्का नागरिकाच्या दक्षतेची जागा घेऊ शकत नाही.