विश्लेषण : फ्लॅटमध्ये मादी शॅमेलिऑन… कायद्याने पाळता येते का? तिची काळजी इतकी अवघड का?

भुंकत नाही, फिरवायला न्यावे लागत नाही, सोसायटीत कुणाची तक्रार येत नाही. रीलमध्ये दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा शॅमेलिऑन पाहिला की अंधेरी किंवा मुलुंडच्या वन बीएचकेतही तो सहज मावेल असे वाटते. प्रत्यक्षात हा पाळायला सर्वांत अवघड सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे. त्यातही मादी असेल तर नर नसतानाही तिच्या पोटात अंडी तयार होऊ शकतात आणि तीच तिच्या जिवावर बेतू शकतात.

आपल्याकडचा घोयरा घरात ठेवता येतो का?

नाही. भारतात शॅमेलिऑनची एकच जात आढळते. मराठीत तिला घोयरा सरडा म्हणतात. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार तो संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा असून त्यासाठी कैद आणि दंडाची तरतूद आहे. सोसायटीच्या कुंपणावर दिसणारा, विणीच्या काळात गळा लालभडक होणारा बागेतला सरडा मात्र वेगळा. तो शॅमेलिऑन नव्हे.

परदेशी शॅमेलिऑनचे काय?

पाळण्यासाठी जगभर विकल्या जातात त्या प्रामुख्याने दोन जाती. येमेन आणि सौदी अरेबियातला ‘व्हेल्ड’ आणि मादागास्करचा ‘पँथर’. दोन्ही ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्समधील प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची आहे. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, नव्याने घेणाऱ्याला ३० दिवसांची आहे. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला किंवा पिले झाली तरी कळवावे लागते. दुकानदाराची पावती नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

हे प्राणी येतात कुठून?

ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) मुंबईच्या एअर कार्गो संकुलात मलेशियाहून आलेला माल उघडला. कागदोपत्री ते शोभेचे मासे होते. आत अजगर, सरडे, इग्वाना, कासवे असे ६६५ प्राणी निघाले. त्यातले ११७ मेलेले होते. रीलमधल्या गोंडस प्राण्याचा प्रवास अनेकदा असा असतो. कागद नसलेला प्राणी घेणारा याच साखळीचे शेवटचे टोक ठरतो.

मादीची काळजी वेगळी का?

व्हेल्ड जातीची मादी चार ते सहा महिन्यांत वयात येते. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते, तशीच हीसुद्धा. एका वेळी २० ते ७० अंडी होऊ शकतात. जास्त खाणे आणि जास्त उष्णता मिळाली तर संख्या वाढते. म्हणून ‘खाते आहे तर घाला’ हे प्रेम इथे घातक ठरते. अंड्यांच्या कवचासाठी शरीरातले कॅल्शियम खर्च होते. ते आहारातून मिळाले नाही तर हाडे मऊ पडतात. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते आणि ते अंगी लागण्यासाठी यूव्हीबी दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन चालत नाही, कारण काच हे किरण अडवते.

निसर्गात मादी झाडावरून उतरून ओलसर मातीत खड्डा करते आणि अंडी पुरते. पिंजऱ्यातही तिला साधारण फूटभर खोल ओलसर वाळू-मातीचे भांडे लागते. ते नसेल तर ती अंडी रोखून धरते. पिंजरा जाळीचा आणि उंच हवा. काचेच्या टाकीत, विशेषतः मुंबईच्या पावसाळ्यात, हवा कोंडते आणि श्वसनाचा संसर्ग होऊ शकतो. वाटीतले पाणी तिला सहसा ओळखू येत नाही. ती पानांवरचे थेंब चाटते. हातात घेतल्याने तिला ताण येतो. रंग बदलणे हे बहुतेक वेळा लपण्यासाठी नसते. त्यामागे तापमान आणि मनःस्थिती असते.

धोका कसा ओळखायचा?

खाणे कमी झाले, मादी वारंवार खाली उतरून जमीन खरवडू लागली, अंग गडद होऊन त्यावर निळे-पिवळे ठिपके उमटले, तर अंड्यांची वेळ जवळ आली असे समजावे. अशा वेळी भांडे देऊन तिला एकटे सोडावे. मात्र ती सुस्त झाली, दिवसा डोळे मिटून तळाशी बसली, डोळे खोल गेले, तर अंडी अडकल्याची शक्यता असते. घरगुती उपाय करू नयेत, पोट दाबू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यच कॅल्शियम, औषधे किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ शकतो. कागद नाहीत या भीतीने मालक दवाखान्यात जायचे टाळतो, तेव्हा त्याची किंमत प्राणी मोजतो.

सांभाळणे जमत नसेल तर?

आरे किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सोडणे हा उपाय नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा आणि हवाईमध्ये पाळीव व्यापारातून सुटलेले शॅमेलिऑन जंगलात स्थिरावले आणि स्थानिक जीवसृष्टीसाठी डोकेदुखी ठरले. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर संपर्क साधणे हा योग्य मार्ग. घोयरा जखमी दिसला तरी हाच क्रमांक.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. पिंजऱ्यातल्या मादीला तर कुंपणही गाठता येत नाही. तिला फूटभर माती मिळणार की नाही, हे पूर्णपणे मालकाच्या हातात असते. त्यामुळे घेण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत : कागद आहेत का आणि जवळ तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर आहे का? एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर रील पाहूनच समाधान मानलेले बरे.