संदेश आला नाही, म्हणजे प्रश्न नव्हता असे नाही

शेतकऱ्यांच्या प्रश्नांसाठी फेसबुकवर पान उघडणे किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा क्रमांक जाहीर करणे यात आता नवल राहिलेले नाही. पानावरची प्रत्येक प्रतिक्रिया आणि क्रमांकावर आलेले प्रत्येक छायाचित्र संस्थेच्या स्वतःच्या संगणकात आपोआप नोंदले जावे, योग्य त्या विषयतज्ज्ञाकडे जावे आणि दिलेल्या उत्तराचीही नोंद राहावी, अशी व्यवस्था उभारणे ही पुढची पायरी आहे. या व्यवस्थेचा कणा म्हणजे समाजमाध्यमाच्या एपीआयकडे तत्काळ सूचनांसाठी केलेली नोंदणी, अर्थात सबस्क्रिप्शन. ही नोंदणी एकदा करून विसरून जाण्याची तांत्रिक बाब समजली जाते. माझ्या मते ती विस्तारसेवेची रोजची जबाबदारी आहे आणि ती एका ठरावीक पदाकडे सोपवलेली असली पाहिजे.

आपल्या संगणकाने दर दहा मिनिटांनी माध्यमाला ‘काही नवे आले का?’ असे विचारत राहणे ही जुनी रीत. पाण्याची पाळी आली का हे पाहायला शेतकऱ्याने चारीवर पुन्हापुन्हा खेटे घालावेत, तशी ती आहे. पाणी सुटताच पाटकऱ्यानेच निरोप धाडावा, ही दुसरी रीत. फेसबुकने ती २०१० मध्ये ग्राफ एपीआयबरोबर उपलब्ध करून दिली आणि इन्स्टाग्रामने २०११ मध्ये. आज ती वेबहुक या नावाने ओळखली जाते. नोंदणी करताना आपण आपल्या सर्व्हरचा एक पत्ता देतो, कोणत्या घडामोडी कळवायच्या ते सांगतो आणि एक परवलीचा शब्द ठरवतो. माध्यम त्या पत्त्यावर तो शब्द आणि एक आकडा पाठवते. आपल्या सर्व्हरने शब्द पडताळून तोच आकडा परत केला की नोंदणी पक्की होते. पुढे येणाऱ्या प्रत्येक सूचनेसोबत एक डिजिटल सही असते. अ‍ॅपच्या गुप्त किल्लीने ती ताडून पाहिल्याशिवाय सूचना स्वीकारू नये, नाहीतर कोणीही बनावट प्रश्न त्या पत्त्यावर टाकू शकेल.

जुन्या रीतीत बिघाड लगेच उघड होतो. विचारणारे आपणच असल्याने उत्तर न मिळाल्याचे आपल्याला कळते. वेबहुक बंद पडला की मात्र काहीच घडत नाही. पडदा शांत असतो, प्रश्नांची संख्या शून्य दिसते आणि कार्यालयाचा समज होतो की आज कोणाला अडचण नाही. प्रादुर्भावाचा अंदाज प्रश्नांच्या संख्येवरून बांधणाऱ्या केंद्रासाठी हे शून्य घातक आहे. मक्यावरील लष्करी अळी लहान असताना पाने खरवडते आणि पानांवर पारदर्शक चट्टे दिसतात. त्या अवस्थेतील छायाचित्र वेळेवर पोहोचले तर उपाय सोपा असतो. अळी पोंग्यात शिरल्यावर फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. दरम्यान छायाचित्र पाठवणारा शेतकरी उत्तराची वाट पाहून कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर जातो आणि तिथे मिळेल ती बाटली घेऊन येतो.

ही शांतता कशाने येते? कारणे बहुधा किरकोळ असतात. आपल्या सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपते आणि माध्यम त्या पत्त्यावर सूचना देणे थांबवते. मोफत मिळणारी काही प्रमाणपत्रे ९० दिवसांचीच असतात, हे अनेकदा लक्षातच घेतले जात नाही. दुसरे कारण नोंदणीच्या दोन पातळ्यांचे. फेसबुकच्या बाबतीत अ‍ॅपने घडामोडींसाठी नोंदणी करणे पुरेसे नसते, प्रत्येक पान त्या अ‍ॅपशी स्वतंत्रपणे जोडावे लागते. जिल्ह्याचे नवे पान उघडले, जोडणी राहून गेली, तर त्या पानावरचे प्रश्न फक्त पानावरच राहतात.

तिसरे कारण आपल्याकडे सर्वाधिक संभवते, ते म्हणजे बदली. पानाची परवानगी एखाद्या अधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यातून दिलेली असते. त्यांनी पासवर्ड बदलला तरी त्या खात्यावर आधारलेले टोकन निकामी होते आणि उत्तरे जाणे थांबते. बदली होऊन त्यांचे नाव पानावरून काढले की तीच गत. कार्यभार हस्तांतराच्या यादीत खुर्च्या, टेबले, प्रोजेक्टर, जीपची किल्ली हे सारे असते, या किल्लीचा मात्र उल्लेख नसतो. बाहेरच्या कंत्राटदाराच्या नावावर अ‍ॅप असेल तर कंत्राट संपताच सगळी वाहिनीच त्याच्याबरोबर जाते. म्हणून अ‍ॅप संस्थेच्या नावावरच असावे आणि टोकन व्यक्तीच्या खात्याऐवजी संस्थेच्या व्यवसाय खात्यातील सिस्टिम युजरचे असावे, यावर तडजोड नको.

‘सर्व्हर थोडा वेळ बंद राहिला तर काय बिघडते, माध्यम पुन्हा पाठवतेच की,’ असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. फेसबुक न पोहोचलेली सूचना सुमारे ३६ तास, हळूहळू अंतर वाढवत, पुन्हा पाठवून पाहते. व्हॉट्सअ‍ॅप ७ दिवसांपर्यंत. पण व्हॉट्सअ‍ॅपवर शेतकऱ्याच्या संदेशानंतर मोकळ्या शब्दांत उत्तर देण्याची मुभा २४ तासांचीच असते. त्यानंतर केवळ पूर्वमान्य साच्यातील संदेश पाठवता येतो. तिसऱ्या दिवशी प्रश्न हाती आला तरी तज्ज्ञाचे हात बांधलेलेच असतात. पुनःप्रेषणामुळे एकच प्रश्न दोनदा येऊ शकतो, नंतरचा आधीही येऊ शकतो. म्हणून प्रत्येक संदेशाचा ओळखक्रमांक तपासून दुबार नोंद टाळावी आणि तज्ज्ञासमोर प्रश्न ठेवताना तो ‘मिळाल्याची’ वेळ न दाखवता ‘पाठवल्याची’ वेळ दाखवावी. पाऊस पडण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाला पाऊस पडून गेल्यावर तेच उत्तर देता येत नाही. आणखी एक गोष्ट प्रोग्रामरला आवर्जून सांगावी. सूचना येताच पोच द्यावी आणि छायाचित्र तपासणे, वर्गवारी करणे ही कामे नंतर करावीत. पोच उशिरा गेली तर माध्यम ती न पोहोचल्याचेच समजते.

देखरेखीला मोठा खर्च नाही. रोज सकाळी कार्यालय उघडताच एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून एक प्रश्न पाठवावा आणि तो नोंदवहीत उमटतो का, उत्तर परत येते का, हे पाहावे. हा प्रश्न पाच मिनिटांत दिसला नाही तर तांत्रिक साहाय्यकाला फोन जावा. महिन्यातून एकदा एपीआयकडूनच चालू नोंदण्यांची यादी मागवावी. त्यात संपलेल्या प्रकल्पांच्या नोंदण्या आढळल्या तर त्या रद्द कराव्यात. शेतकऱ्यांची नावे, क्रमांक आणि शेताची छायाचित्रे कोणी पाहत नसलेल्या सर्व्हरवर साठत राहणे योग्य नाही, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर मुळीच नाही. शेतकऱ्याने पानावरची आपली प्रतिक्रिया काढून टाकली तर त्याचीही सूचना येते. तिचा मान राखून आपल्याकडील प्रतही काढावी. गरजेपेक्षा जास्त घडामोडींची नोंदणी करण्याचा मोहही आवरावा. पसंतीच्या अंगठ्यांच्या सूचनांखाली प्रश्न दबून जातात.

शेवटी, हे दार आपले नाही. इन्स्टाग्रामने आपला जुना एपीआय २०२०च्या जूनअखेरीस पूर्ण बंद केला आणि त्यावर उभारलेल्या व्यवस्था तिथेच थांबल्या. त्यामुळे प्रश्नोत्तरांची मूळ नोंद संस्थेच्या ताब्यात असावी, आणि पाठवलेल्या प्रत्येक स्वयंचलित उत्तराखाली किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक छापावा. तो सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत चालू असतो आणि तिथे आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटतो.