पेशी मानवी खऱ्या, पण कोणाच्या?

मार्च २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती केली. औषध माणसाला देण्यापूर्वी त्याची परीक्षा प्राण्यांवरच झाली पाहिजे, हा आग्रह त्यामुळे सैल झाला. मानवी पेशींवरील चाचण्या, चिपवरील अवयव-प्रतिकृती, संगणकीय प्रारूपे यांनाही मान्यता मिळाली. या बदलाचे मी स्वागतच करतो. मात्र या मानवी पेशी नेमक्या कोणाच्या, हा प्रश्न रक्ताच्या कर्करोगाबाबत तरी टाळता येणार नाही.

प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जातात त्या ‘सेल लाइन’, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या शरीरातून एकदाच घेतलेल्या आणि पुढे काचपात्रात दशकानुदशके वाढत राहिलेल्या पेशींचा वंश. ‘के-५६२’ ही त्यांतली सुपरिचित. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या अभ्यासात तिचा उल्लेख नाही असे क्वचितच घडते. या आजाराचे बहुतेक रुग्ण डॉक्टरांकडे येतात ते संथ टप्प्यात. के-५६२ मात्र अखेरच्या, उद्रेकाच्या टप्प्यातल्या रुग्णाकडून आलेली आहे. संथ टप्प्यातील पेशी काचपात्रात तग धरत नाहीत, हे त्यामागचे साधे कारण. जे तगते तेच संग्रहात जाते. परिणामी संग्रहांत आजाराची सर्वांत उग्र रूपे दाटीवाटीने आढळतात. शिवाय शरीरात या पेशींना अस्थिमज्जेतील शेजारपेशींचा आधार आणि औषधापासून आडोसाही मिळतो. काचपात्रात त्या एकाकी असतात.

तरीही सेल लाइन निरुपयोगी ठरवण्याची घाई नको. १९७७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ‘एचएल-६०’ जगापुढे आणली. ज्या रुग्णेपासून ती मिळाली तिला अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया आहे, असे निदान होते. १९८० मध्ये दिसून आले, की ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील रेटिनॉइक आम्लाने या पेशी प्रौढ होतात आणि त्यांची बेलगाम वाढ थांबते. लगेच पुढच्या वर्षी रुग्णांच्या ताज्या पेशींवर हाच प्रयोग झाला, तेव्हा प्रतिसाद आला तो फक्त प्रोमायलोसायटिक प्रकारातून. शांघायमध्ये वांग झेन्यी यांच्या चमूने याच कुळातील औषध रुग्णांना दिले आणि अतिशय घातक मानला जाणारा हा ल्युकेमिया आज सर्वाधिक बऱ्या होणाऱ्या प्रकारांत गणला जातो. गंमत अशी, की एचएल-६० या आजाराची नव्हतीच! या आजाराची खूण असलेली १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांमधील अदलाबदल तिच्यात नाही. सेल लाइनने औषधाची वाट दाखवली; ते कोणाला द्यायचे, हे रुग्णांच्या पेशींनी सांगितले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरील इमॅटिनिबच्या १९९६ च्या शोधनिबंधातही सेल लाइनींच्या जोडीला रुग्णांच्या रक्तातील व अस्थिमज्जेतील पेशी होत्याच.

दुसरी अडचण ओळखीची. जर्मनीतील राष्ट्रीय पेशीसंग्रहाच्या तज्ज्ञांना रक्तकर्करोगाच्या सुमारे १५ टक्के सेल लाइन भलत्याच निघाल्याचे आढळले: नाव एकीचे, पेशी दुसरीच्या. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत वापरतात तशीच डीएनए ओळख-चाचणी इथेही पुरते आणि तिचा खर्च संशोधन-अनुदानाच्या मानाने किरकोळ असतो. ती अनिवार्य करण्यात चालढकल का व्हावी, हे मला उमगत नाही. देशभरातील संशोधकांना पेशी पुरवणारे राष्ट्रीय भांडार पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये आहे. पण एका प्रयोगशाळेने दुसरीला स्नेहापोटी दिलेल्या कुपीची नोंद कोण ठेवणार?

भारतीय रुग्णांच्या दृष्टीने प्रश्न आणखी गंभीर आहे. आपल्याकडे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी दहा वर्षे तरी आधी, ऐन कमावत्या वयात गाठतो. प्रचलित सेल लाइन मात्र बहुतांशी अमेरिका, युरोप आणि जपानमधील रुग्णांच्या आहेत. अमेरिकेतील ‘बीट एएमएल’ प्रकल्पाने २०१८ मध्ये ५६२ रुग्णांच्या ६७२ नमुन्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नमुन्यांतील जनुकीय बदलांची नोंद करून ताज्या पेशींवर औषधेही अजमावण्यात आली होती. आपल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत रोज अस्थिमज्जेचे नमुने घेतले जातात. रुग्णाच्या लेखी संमतीने त्यांतला निदानानंतर उरलेला अंश गोठवून ठेवणे, त्यासाठी शीतसाठा आणि कायम पदावरचा तंत्रज्ञ देणे, यासाठी नव्या संस्थेची गरज नाही. औषध नियंत्रकांनीही अर्जदार कंपनीकडून तीन गोष्टी मागाव्यात: सेल लाइनचा ओळख-दाखला, ती रुग्णाच्या आजाराच्या कोणत्या टप्प्यात घेतली याची नोंद, आणि जिथे शक्य असेल तिथे रुग्णांच्या ताज्या पेशींवरील निष्कर्ष. २०२३ च्या दुरुस्तीने पेशींना प्राण्यांच्या जागी उभे केले आहे, तर ही माहिती पहिल्या मानवी चाचणीच्या परवानगीआधीच मागायला हवी.