हिब्रू घरबसल्या शिकायची तर

इनामगाव, न्हावरे, मांडवगण फराटा आणि भीमेपलीकडे दौंडपर्यंतच्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. हातात फोन आहे, त्यात डेटा आहे, इंग्रजी जेमतेम आहे आणि कुठूनतरी डोक्यात आलंय की हिब्रू शिकावी. कुणाला इस्रायलमधल्या कामाची जाहिरात दिसलेली असते. कुणी ठिबकचे आणि गोठ्याचे व्हिडिओ बघत बघत तिथवर पोचलेला असतो. कुणाला ‘फौदा’ ही इस्रायली मालिका बघून नाद लागलेला असतो. यातलं कुठलंच कारण मला हलकं वाटत नाही. पण या भागात हिब्रूचा वर्ग नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकायला जाता येतं, पण इथून ऐंशी-नव्वद किलोमीटर रोज कोण जाणार? तेव्हा शिकायचं ते आपलं आपणच, तिथल्या लोकांची गाणी, मालिका, बातम्या, गप्पा ऐकून. हे जमतं. मात्र ‘नुसतं ऐकत राहा, आपोआप येईल’ असं कुणी सांगितलं तर त्याच्या नादी लागू नका. तसं होत नाही, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे.

कोकणातले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून वाचलेली सात जोडपी म्हणजे आपले पूर्वज, असं त्यांची परंपरा सांगते. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, केहिमकर, राजपूरकर, दिवेकर ही आडनावं कोकणातल्या गावांवरून आलेली. पिढ्यान् पिढ्या त्यांनी शनिवार पाळला, सुंता पाळली आणि ‘शमा’ ही हिब्रू प्रार्थना तोंडपाठ ठेवली. बाकीची हिब्रू मात्र हातची गेली. ते पवित्र शब्द लहानपणापासून कानावर पडत होते, मोठेपणी तोंडी येत होते, तरी त्यांतून बोलण्यावाचण्याची भाषा काही उभी राहिली नाही. अर्थ कळल्याशिवाय ऐकलेलं पाठ होतं, पण अंगी लागत नाही.

मग त्यांना हिब्रू परत मिळाली कशी? कोचीनहून आलेल्या जाणकार ज्यूंनी शिकवली. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ मध्ये हिब्रूचं प्राथमिक व्याकरण चक्क मराठीतून छापलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या आणि धर्म आपला आपल्यापाशी ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या सणाला वाचायची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ मध्ये आपल्या पुण्यात निघालेल्या हग्गादेत तर साडी नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकरी करताना चित्रात दाखवल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. हिब्रूच्या शेजारी प्रत्येक वेळी मराठी होती. जे शेकडो वर्षं नुसतं ऐकून झालं नाही, ते समजावून सांगणारी मराठी शेजारी आल्यावर दोन-तीन पिढ्यांत झालं.

पुढे १९४८ नंतर यांतली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथे ती वसली. तिथे प्रार्थनेच्या हिब्रूवर बसचं तिकीट निघेना की कारखान्यात फोरमनचं बोलणं कळेना. सरकारनं नव्या लोकांसाठी ‘उलपान’ नावाचे भाषावर्ग चालवले होते, पहिला १९४९ मध्ये जेरुसलेमला. तिथे आधी पाया घालायचा आणि मग बाजारात, कामावर, शेजारीपाजारी भाषेत उतरायचं, असा क्रम होता. त्या लोकांनी मराठीही सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक ते इस्रायलमधून काढत आले.

तेव्हा माझं सांगणं एवढंच आहे: आधी मराठीतून समजून घ्या, मग पोटभर ऐका. दोन्ही करा, पण या क्रमानं.

अक्षरांपासून सुरुवात करा. बावीसच आहेत, उजवीकडून डावीकडे लिहायची. त्यातली पाच शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. छापील वळण वेगळं आणि हाताचं वेगळं, आपल्या मोडी-बाळबोधीसारखं. आधी छापील पुरे. इथे एक मोह होतो, तो म्हणजे सगळं देवनागरीत लिहून घेण्याचा. पहिले आठ-दहा दिवस घ्या लिहून, नंतर बंद करा. कारण हिब्रू एरवी स्वरचिन्हांशिवाय लिहितात. मुलांच्या पुस्तकांत आणि कवितांत टिंबं-रेघा देऊन स्वर दाखवतात, पण वर्तमानपत्रात, पाटीवर, फोनवरच्या मेसेजमध्ये ती चिन्हं नसतात. शब्द आधी कानाला ओळखीचा असेल तरच तो नीट वाचता येतो. म्हणून या भाषेत ऐकणं आणि वाचणं वेगळं काढता येत नाही, आणि म्हणूनच तिथली माध्यमं इतकी कामाची आहेत. व्हिडिओला हिब्रू अक्षरांतली उपशीर्षकं असतील तर तीच लावा. इंग्रजी किंवा हिंदी लावलीत की डोळे तिकडे जातात आणि कान झोपतात.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी आयत्या मिळतात, त्या कुठलंही इंग्रजी पुस्तक तुम्हाला सांगणार नाही. ‘मी शिकतो’ आणि ‘मी शिकते’ हा फरक इंग्रजीवाल्याला नवा वाटतो. आपल्याला नाही. हिब्रूत पुरुष म्हणतो ‘अनी लोमेद’, बाई म्हणते ‘अनी लोमेदेत’. ‘चांगला’मधला च आणि ‘जरा’मधला ज हे दोन्ही उच्चार हिब्रूत जवळपास तसेच आहेत. ट, ड, ण, ळ नाहीत, म्हणजे तेवढी जीभ वळवायचा त्रास नाही. घशातून येणारा ख आणि इस्रायली लोकांचा घशातलाच र मात्र ऐकून ऐकून, मोठ्यानं म्हणूनच बसतो. नपुंसकलिंग नाही. आणि आदरार्थी ‘तुम्ही’ही नाही. आजोबा असोत, साहेब असोत, ‘अता’ म्हणजे तू. बाईला ‘अत’. सुरुवातीला जड जाईल, पण तिथे त्यात कुणी उद्धटपणा मानत नाही.

धातूंकडे मात्र नीट बसून लक्ष द्या, कारण ऐकताना सगळा गोंधळ इथेच होतो. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. ल-म-द घ्या: ‘लामाद’ शिकला, ‘लिमेद’ त्यानं शिकवलं, ‘तलमीद’ विद्यार्थी. मूळ तेच, आतले स्वर आणि पुढचं-मागचं बदललं की अर्थ बदलतो. क्रियापदांचे असे सात साचे आहेत. त्यातले दोन-तीन आधी पक्के करा, बाकीचे येतील तसे येऊ देत. ‘पेआलीम’ नावाच्या संकेतस्थळावर कुठल्याही क्रियापदाची सगळी रूपं उच्चारासह फुकट मिळतात. दुसरी गोष्ट म्हणजे आपण ‘घरात’, ‘घराला’ असं मागे जोडतो, ते लोक पुढे जोडतात. ‘बाइत’ म्हणजे घर, ‘बबाइत’ घरात, ‘लबाइत’ घराला. हे माहीत नसेल तर शब्दकोशात शब्द सापडतच नाही आणि माणूस दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून देतो.

एवढा पाया घालायला दोन महिने द्या. मोबाइलवरच्या ड्युओलिंगोसारख्या ॲपमधली हिब्रू इंग्रजीतून शिकवलेली असते. ती वापरा, पण शेजारी एक वही ठेवा आणि अर्थ, नियम, शंका मराठीत लिहा. परक्या भाषेतून परकी भाषा शिकताना निम्मी ताकद पहिल्या भाषेवरच खर्च होते.

आता ऐकण्याकडे. इस्रायलची सार्वजनिक प्रसारणसंस्था २०१७ पासून ‘कान’ या नावानं चालते. तिचे कितीतरी कार्यक्रम यूट्यूबवर आहेत. काही इस्रायलबाहेर उघडत नाहीत. तिथे डोकं फोडून घेऊ नका, दुसरे बघा. सुरुवात लहान मुलांच्या कार्यक्रमांनी करा, ‘रेहोव सुमसुम’सारख्या. लाज वाटून घेऊ नका. तिथे बोलणं सावकाश असतं आणि तेच शब्द परत परत येतात. नंतर गाणी, नंतर हवामान, आणि बातम्या सगळ्यांत शेवटी. बातम्या देणारे भरभर बोलतात आणि त्यांची भाषा पुस्तकी असते. सुपरमार्केटमधल्या कामगारांवरची ‘कुपा राशित’ ही विनोदी मालिका बोलीभाषेसाठी उत्तम आहे, पण तिच्यातलं अर्धं हसू पहिल्या वर्षी डोक्यावरून जाईल. ‘फौदा’वाल्यांना मुद्दाम सांगतो, त्यात भरपूर बोलणं अरबी आहे. हिब्रू समजून अरबी पाठ करून बसाल. ‘श्तिसेल’ या मालिकेतही मधूनमधून यिद्दिश ही ज्यूंची दुसरी भाषा येते.

ऐकायचं ते थोडं आणि तेच तेच. दोन मिनिटांचा तुकडा आठवडाभर ऐका. पहिल्यांदा नुसता, मग उपशीर्षकं वाचत, मग वहीत शब्द लिहून, मग त्याच्याबरोबर मोठ्यानं बोलत. रोज नवा तासाभराचा भाग बघणारा मालिका बघतो, भाषा शिकत नाही. रांजणगावला कंपनीत जाणाऱ्यांना बसमधला वेळ मिळतोच, त्यात तोच तुकडा कानात चालू द्या. बोलायचा सराव मात्र बसमध्ये होत नाही. त्यासाठी रानात जा, उसाच्या बांधावर कुणी हसणार नाही.

आणखी एक युक्ती, बहुतेकांना सुचत नाही ती. फोनमध्ये हिब्रू कीबोर्ड घाला आणि यूट्यूबवर हिब्रूतच शोधा. इंग्रजीत शोधलंत तर परक्यांना हिब्रू शिकवणारे व्हिडिओ येतात, हिब्रूत शोधलंत तर इस्रायली माणूस इस्रायली माणसाशी बोलताना सापडतो. आपल्या ओळखीचा विषय घ्या. शेतीला ‘हकलाऊत’, पाणी देण्याला ‘हशकाया’, डाळिंबाला ‘रिमोन’, दुधाला ‘हालाव’, गाईंच्या गोठ्याला ‘रेफेत’. गोठा तुम्हाला रोजचा आहे, धार काढायचं मशीन काय करतं ते तुम्हाला दिसतंच. म्हणजे न कळलेला शब्दही चित्रावरून अर्धा कळतो. शिकणाऱ्याला हवा असतो तो नेमका एवढाच आधार.

आधी पाया हवा असं का म्हणतो, त्यासाठी इनामगावकरांना एक आठवण करून देतो. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकरांनी तुमच्या घोडकाठी उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं सापडली, बार्लीचे दाणे सापडले, पाण्याचा पाटसुद्धा सापडला. ती माणसं बोलत काय होती हे मात्र कळलं नाही, कारण त्यांनी लिहून काही ठेवलं नव्हतं. हिब्रूचं उलटं झालं. दीड हजाराहून जास्त वर्षं ती कुणाच्या घरची रोजची भाषा नव्हती, पण पोथ्यांत होती. ती पुन्हा बोलती करायला निघालेला एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला गेला आणि पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाला त्यानं घरात फक्त हिब्रूत वाढवलं. म्हणजे आज लाखो लोकांच्या घरात बोलली जाणारी ही भाषाही आधी पुस्तकातूनच शिकावी लागली होती.

वेळ किती लागेल ते स्पष्ट सांगतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा इंग्रजी बोलणाऱ्यांना कामापुरती पक्की हिब्रू यायला सुमारे ११०० तास धरते. रोज अर्धा तास म्हणजे सहा वर्षं. रोज दीड तास म्हणजे दोन वर्षं. दुकानात, दवाखान्यात भागेल इतकी त्याच्या पुष्कळ आधी येते. पण ‘तीस दिवसांत हिब्रू’ असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि नोकरीचं. भारत आणि इस्रायल यांच्यात २०२३ मध्ये कामगार पाठवण्याचा करार झाला, त्यानंतर बांधकामाच्या आणि आजारी-म्हाताऱ्यांची काळजी घेण्याच्या कामांसाठी भरती झाली. म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणाऱ्याला हिब्रू आली तर त्याचं काम आणि त्या म्हाताऱ्याचं जगणं, दोन्ही सोपं होतं, यात शंका नाही. पण भाषा येते म्हणून व्हिसा मिळत नाही, आणि भाषा शिकवून व्हिसा देतो म्हणणारा एजंट दारात उभा करू नका. तिथे युद्धाचा धोका असतो, तेव्हा जायचं की नाही हेही घरच्यांशी बोलून ठरवायचं. भाषा शिकली म्हणजे तिथल्या भांडणात एक बाजू घेतली असं होत नाही. इस्रायलचे पाचातले एक नागरिक अरब आहेत, त्यातलेही पुष्कळ जण हिब्रू बोलतात, आणि सय्यद काशुआसारखा अरब लेखक तर हिब्रूतच लिहीत आला.

पुण्यातल्या ज्यूंच्या लाल देवळात किंवा रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये जाऊन ‘हिब्रू शिकवता का’ म्हणून कुणाला धरू नका. ती प्रार्थनेची जागा आहे, शिकवणी नव्हे. बोलायला माणूस हवा असेल तर भाषांची अदलाबदल करणाऱ्या ॲपवर शोधा. तिथे हिंदी शिकू पाहणारे इस्रायली भेटू शकतात. मुलींनी स्वतःचा नंबर आणि फोटो लगेच देऊ नये, एवढं पथ्य पाळावं.

शक्य असेल तर एकटे शिकू नका. गावात दोघं-तिघं तयार करा, आठवड्यातून एकदा ग्रंथालयात किंवा शाळेच्या ओट्यावर बसा, एकच तुकडा सगळ्यांनी ऐका आणि एकमेकांना मराठीत समजावून सांगा. आज रात्री कीबोर्ड घाला आणि पहिली चार अक्षरं गिरवा. वर्षभरात ती मराठी वही भरली की तिचे फोटो काढा आणि पुढच्या शिकणाऱ्याला पाठवा, अगदी तो दुसऱ्या तालुक्यातला असला तरी.